नागपुरात आठवी ते बारावीसाठी खाजगी शाळा निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. सव्वीस वर्षं मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, त्यामुळे मला वेळ असतो असं सगळ्यांना वाटतं. नातेवाईक, जुने विद्यार्थी (आता तेच पालक झालेत), खालच्या मजल्यावरच्या काकू, कोणाचाही फोन आला तरी प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले.

मॅडम, "खाजगी शाळा" म्हणजे नेमकी कोणती? आमच्या वेळची सोमलवार, हडसही खाजगीच होती ना?

संस्था खाजगी असणं आणि पगार कोण देतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुदानित शाळा खाजगी संस्था चालवते, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी नावापुरती असते. विनाअनुदानित शाळेचा सगळा खर्च फीमधून निघतो. २०१२ च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांचंही तसंच. वर्धा रोड, बेसा, काटोल रोड, कोराडी रोड या बाजूंना गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या मोठ्या शाळा बहुतेक शेवटच्या दोन प्रकारांतल्या. एकाच संस्थेच्या एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्याही असतात. त्यामुळे तुमच्या मुलाचा प्रवेश कोणत्या तुकडीत होतोय, ते पावतीवर बघा.

शाळा बघायला जातो तेव्हा काय बघायचं? सगळ्याच चकाचक दिसतात.

रविवारच्या "ओपन हाऊस"ला जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जा आणि अकरावी-बारावीचे वर्ग कोणत्या मजल्यावर भरतात ते विचारा. आठवी-नववीचा मजला गजबजलेला आणि बारावीच्या मजल्यावर चिटपाखरू नाही, असं दिसलं तर उत्तर मिळालं समजा. कारण काहीही सांगतील. "आज सेल्फ स्टडी आहे" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय.

मग रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दाखवा म्हणा. माझा विषय म्हणून नाही सांगत. फळा, बाक, प्रोजेक्टर सगळीकडे सारखेच दिसतात. प्रयोगशाळा मात्र खोटं बोलत नाही. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (द्रावण थेंब थेंब सोडून मोजायचा प्रयोग) खरोखर होत असेल तर बेसिनवर, टेबलाच्या कडेला तपकिरी डाग पडलेले असतात. ते घासून जात नाहीत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आम्लाने खाल्लेल्या असतात, स्पिरिटच्या दिव्याची वात काळी असते, अमोनियाचा वास दारातच नाकात शिरतो. एका शाळेत मी भाचीबरोबर गेले होते. टेबलं आरशासारखी होती. ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांच्या काचनळ्या, स्टँडला लावलेल्या होत्या, पण स्टँडच्या बुडाला दुकानातली प्लास्टिकची पिशवी तशीच. मी नळ सोडला तर आधी हवेचा फुसकारा आला आणि मग गंजाचं लाल पाणी. दाखवणारी मुलगी बिचारी ओशाळली. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

तिसरी गोष्ट म्हणजे शिक्षक. "नववीला गणित कोण शिकवतं, आणि तीन वर्षांपूर्वी कोण शिकवत होतं?" एवढाच प्रश्न विचारा. नाव तेच असेल तर निम्मी काळजी मिटली. दरवर्षी नवा शिक्षक येणाऱ्या शाळेत इमारत कितीही मोठी असो, दर जूनला मुलांची सुरुवात पहिल्यापासून होते.

शाळेला मान्यता आहे की नाही, हे कसं कळणार?

प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो मागा. सीबीएसई असेल तर संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. दहावीपर्यंतची आणि बारावीपर्यंतची संलग्नता वेगवेगळी असते, "बारावीची येणारच आहे" यावर विसंबू नका. स्टेट बोर्डाच्या कनिष्ठ महाविद्यालयाला इंडेक्स नंबर असतो. शंका असेल तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. तिथे एक चक्कर मारायचा कंटाळा महागात पडतो.

सीबीएसई की स्टेट बोर्ड?

दरवर्षीचा पहिला प्रश्न. माझं उत्तर लोकांना आवडत नाही, कारण ते मुलगा पुढे कोणती परीक्षा देणार यावर ठरतं.

मेडिकलच्या "नीट" परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण. त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, आणि ते एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळीओळींतून येतात. सीबीएसईचं पोरगं ते पुस्तक शाळेतच वाचतं, स्टेट बोर्डाच्या पोराला वेगळं वाचावं लागतं. पण राज्याचा अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम २०१९ आणि २०२० मध्ये बदलला तेव्हापासून ही दरी पूर्वीएवढी राहिलेली नाही. उलट एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत स्टेट बोर्डाची पुस्तकंच आधाराला असतात. तिथे साधारण २० टक्के भार अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जायचं असेल तर सीईटी हीच मुख्य वाट आहे, मग सीबीएसईसाठी एवढा जीव काढायचं काही कारण नाही.

आठवीला बोर्ड बदलायचं असेल तर बदला. नववीनंतर मी कोणाला बदलू देत नाही. आणि "सीबीएसईत दहावीला मार्क जास्त मिळतात म्हणून दहावी तिकडे, मग अकरावी स्टेट" हा बेत करणाऱ्यांनी दहावीच्या पोराला निदान एकदा तरी विचारावं.

आठवीपासूनच "फाउंडेशन" क्लास लावावा का? सगळेच लावतात.

केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोचिंग संस्थांनी सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच द्यायचा नाही. तरी फलक लागलेले दिसतात. आठवीच्या मुलाला अपूर्णांक पक्के येत नसताना आयआयटीच्या नावाचं जाडजूड पुस्तक देणं म्हणजे पाया खणायच्या आधी गच्चीवर टाकी बसवणं. संध्याकाळी मैदानावर जाऊ द्या. लावायचाच असेल तर फी एकरकमी भरू नका. मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असंही त्याच सूचनांमध्ये आहे.

इंटिग्रेटेड, टाय-अप, डमी... फरक काय?

इंटिग्रेटेड म्हणजे शाळेच्या वेळेत, शाळेच्याच छताखाली बोर्ड आणि प्रवेश परीक्षा दोन्हींची तयारी. चांगली चालली तर सोय उत्तम, पोराचे दोन-तीन तास प्रवासातून वाचतात. टाय-अप म्हणजे प्रवेश कनिष्ठ महाविद्यालयात आणि शिकवणी बाहेरच्या क्लासची. डमी म्हणजे नाव हजेरीपटावर, मूल क्लासमध्ये, आणि प्रॅक्टिकलच्या वहीत निरीक्षणं आधीच छापलेली.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला मीच टाय-अपमध्ये घातलं होतं. त्या वेळी सगळे तेच करत होते आणि माझ्या कॉलेजात घेतला तर "आईच्या कॉलेजात" म्हणून तो रुसला असता. दोन वर्षांत तो त्या कॉलेजात मोजून सात-आठ दिवस गेला असेल. बारावीच्या फेब्रुवारीत, प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री साडेदहाला, तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, पिपेट तोंडाने ओढायची की त्या रबरी फुग्याने?" मी पोळ्या करत होते. उलथनं हातात तसंच राहिलं. ज्या बाईने हजारभर पोरांना ब्युरेट वाचायला शिकवलं, तिच्या पोराने ब्युरेट कधी हातात धरली नव्हती. त्या रात्री चहाचं पाणी आणि औषधाच्या ड्रॉपरवर आम्ही टायट्रेशन केलं. पास झाला. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रयोगशाळेत त्याचे हाल झाले ते झालेच.

नियम काय म्हणतो तेही सांगते. ७५ टक्के हजेरी सीबीएसई आणि स्टेट बोर्ड दोन्हीकडे लागते. राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी आणली, ती या टाय-अपमुळेच. सीबीएसईनेही अलीकडे डमी शाळांवर अचानक तपासण्या सुरू केल्यात, संलग्नता काढून घेतल्यात. शाळेची संलग्नता बारावीच्या मध्यात गेली तर धावपळ तुमची होते. संचालक तोवर दुसरी शाळा उघडून बसलेले असतात.

मग सरळ राजस्थानात कोटा शहरातल्या क्लासला पाठवलं तर?

पाठवा, पण बारावी कुठून देणार ते आधी ठरवा. हे फार कमी पालकांना माहीत असतं. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. बदलीच्या नोकरीतल्या काही पालकांना सूट आहे, बाकीच्यांना नाही. म्हणजे राजस्थानातून बारावी केलेल्या नागपूरच्या पोरीला घरापासून दोन किलोमीटरवरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी महाविद्यालयांत राज्य कोट्यातून जागा नाही. मिहानच्या एम्सला हा प्रश्न येत नाही, तिथे सगळ्या जागा अखिल भारतीय पातळीवरच भरतात.

इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुम्हीही ऐका. नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत निम्म्या जागा "होम स्टेट"च्या असतात, आणि होम स्टेट म्हणजे बारावी जिथून दिली ते राज्य. आधार कार्डावरचा पत्ता तिथे चालत नाही.

विदर्भाचा ७०:३० कोटा अजून आहे का?

मेडिकलला नाही. ७० टक्के जागा आपल्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकी राज्याला, असा तो होता. २०२० मध्ये रद्द झाला. आता मेडिकलसाठी संपूर्ण राज्याची एकच गुणवत्ता यादी लागते.

अकरावीचा प्रवेश शाळेतच होईल की ऑनलाइन?

सीबीएसई शाळेत अकरावीला शाळाच प्रवेश देते. स्टेट बोर्डाच्या कनिष्ठ महाविद्यालयात केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतूनच जावं लागतं. नागपूरला हे जुनंच आहे, २०२५ पासून ते सगळ्या राज्याला लागू झालं. अर्जाचे दोन भाग असतात आणि दुसऱ्या भागात दहापर्यंत पसंतिक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून "उगाच वरती टाकून बघू" म्हणत भलतंच नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नका. दरवर्षी एखादी आई रडत फोन करते, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

शाळेचं स्वतःचं कनिष्ठ महाविद्यालय असेल तर इनहाऊस कोट्यातून दहा टक्के जागा तिथल्याच मुलांना असतात, व्यवस्थापन कोटा पाच टक्के, अल्पसंख्याक संस्थांत पन्नास टक्के जागा त्या समाजासाठी. व्यवस्थापन कोट्याचा प्रवेशही त्याच पोर्टलवर नोंदवावा लागतो. "ऑनलाइनचं आम्ही बघून घेऊ" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

बायफोकल घेऊ का?

बाहेरगावचे पालक हा शब्द ऐकून चष्म्याचं काहीतरी समजतात. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून त्याऐवजी संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा व्यावसायिक विषय घ्यायचा. इंजिनिअरिंग नक्की असेल तर घ्या, गुण चांगले मिळतात आणि हाताला काहीतरी काम मिळतं. मात्र जीवशास्त्र सुटलं की नीटसाठी ते पुन्हा जादा विषय म्हणून वेगळं द्यावं लागतं, आणि सोळाव्या वर्षी "नक्की" हा शब्द किती पक्का असतो ते तुम्हीच ठरवा.

फी किती असते? आणि दरवर्षी वाढवली तर करायचं काय?

आकडा मी सांगत नाही, तुम्ही ऐकेपर्यंत तो बदलतो. विचारायचं असं की प्रवेश शुल्क, शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, बस, पुस्तकं, सहल आणि क्लासचं "पॅकेज" हे सगळं एका कागदावर लिहून द्या. क्लासची फी वेगळ्या संस्थेच्या नावाने घेतात, ती पावती वेगळी जपा.

२०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. समितीवरचे पालक इच्छुकांमधून सोडत काढून निवडतात. तर पहिल्या सभेत हात वर करा! आमच्या इथे सभेला जातात चार आया आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर चारशे जण फीवर बोलतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार न्यायला शाळेतले २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. एकट्यादुकट्याने ते होत नाही.

पावतीविना "डोनेशन" मागितलं तर १९८७ पासून ते कायद्याने गुन्हा आहे. मागतात, हेही मला माहीत आहे.

मुलगा आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या मोफत जागेवर शिकतोय. आठवीनंतर काय?

आठवीपर्यंत शिक्षण मोफत, नववीपासून त्या शाळेची पूर्ण फी लागू होते. शाळा हे पहिलीला सांगत नाही आणि पालक विचारत नाहीत. सातवीतच हिशेब मांडा. फी झेपणार नसेल तर आठवी झाल्यावर चांगल्या अनुदानित शाळेत घाला, यात कमीपणा काही नाही. शहरातल्या जुन्या अनुदानित शाळांमधून अजूनही पोरं मेडिकलला जातात.

मुलगी मराठी माध्यमाची आहे. अकरावी विज्ञानाला निभावेल का?

निभावते. पहिले तीन महिने जड जातात, एवढंच. माझ्या वर्गात हिंगण्याहून येणारी एक मुलगी वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे "उत्प्रेरक", उजवीकडे "कॅटॅलिस्ट". डावीकडे "क्षपण", उजवीकडे "रिडक्शन". दिवाळीनंतर डावी बाजू रिकामी राहायला लागली. पुढे वर्गात प्रश्न विचारण्यात तीच पहिली असायची, कारण "ऑक्सिडीकरण" म्हणजे काय होतं ते तिला आधीपासून कळत होतं, फक्त नाव नवं होतं. इंग्रजी माध्यमाची कितीतरी पोरं नाव घडाघडा सांगत आणि पुढे गप्प. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात, पण सरावाचं साहित्य इंग्रजीत मुबलक आहे, तेव्हा शब्दांची वही करा.

सीबीएसई शाळेत घातलं म्हणून मराठी सुटत नाही, हेही सांगून ठेवते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं बंधनकारक आहे.

डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं नसेल तर अशा शाळेचा उपयोग काय?

हा प्रश्न वर्षातून एकदा येतो, आणि मला त्याचाच सगळ्यात आनंद होतो. शाळेत विचारा की गेल्या वर्षीच्या बारावीतून कायद्याला, कृषीला, डिझाइनला, एनडीएला कोण गेलं? नावं नकोत, रस्ते सांगा म्हणा. समुपदेशक गडबडला तर समजा की तिथे फक्त दोनच रस्ते माहीत आहेत. कायद्याची क्लॅट, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी या परीक्षांना विज्ञानाची अट सगळीकडे नाही. पशुवैद्यकीयला राज्यात नीटच्या गुणांवर प्रवेश होतो, आणि त्या विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरातच आहे. कृषीला सीईटी चालते. घरी संत्र्याची बाग असलेल्या पोराने ती शिकायला मुंबईला जायची गरज नाही, महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय आहे.

घरापासून शाळा किती लांब चालेल?

एका बाजूने पाऊण तासाच्या वर नको. विदर्भात स्टेट बोर्डाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, पण सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. शाळा सकाळची केली तरी बारा-साडेबाराला सुटते, आणि मग बेसा किंवा कामठी रोडपर्यंत पत्रा तापलेल्या बसमध्ये पोरगं तासभर बसतं. प्रवेशाआधी बसचा पूर्ण मार्ग आणि थांब्यांचा क्रम मागून घ्या. अकरावीच्या मुलांना मेट्रो बरी, शंकरनगर, झाशी राणी चौक, बर्डी हे क्लासचे पट्टे मार्गावरच येतात. सोळाव्या वर्षी गिअरची गाडी देऊ नका, एवढं माझ्यासाठी तरी करा.

कागदपत्रं कधी काढायची?

अकरावीतच. अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअर सेतू केंद्रातून निघतात, मे-जूनमध्ये तिथे रांग वळणापर्यंत जाते. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांना कॉलेजमार्फत करता येतो. कॉलेजने सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला कधी कधी गडचिरोली किंवा भंडाऱ्याच्या एखाद्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरपर्यंत जावं लागतं, त्याला महिने लागतात. आणि नीटला बसायचं तर प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षं पूर्ण हवीत. पहिलीला वय कमी असताना घाईने घातलेल्या पोरांनी जन्मतारीख आत्ताच बघा.

ते सगळं ठीक, पण मॅडम, एका शाळेचं नाव सांगा ना!

नाही सांगणार. मागे एकदा सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी तिथले तीन चांगले शिक्षक सोडून गेले, आणि त्या घरचे लोक मला अजून तीळगूळ देत नाहीत. तुम्ही दोन-तीन शाळा बघून या, बेसिनवर डाग आहेत का ते बघा, मग फोन करा. फक्त मे महिन्यात दुपारी एक ते चार नको. कूलर चालू असतो, मला काही ऐकू येत नाही.